जगभरच्या पुराणकथा वाचायला कुठून सुरुवात करावी

जगातील पुराणकथांचे एखादे जाडजूड संकलन आणून ते पहिल्या पानापासून वाचू लागणे, हा या विषयात शिरण्याचा सर्वांत सोपा वाटणारा आणि बहुतेकांचा उत्साह लवकर मावळवणारा मार्ग आहे. पन्नासएक पाने होईपर्यंत अनोळखी देवतांच्या नावांची इतकी गर्दी होते, की कोण कोणाचा मुलगा आणि कोणी कोणाला मारले याचा हिशेब ठेवण्यातच वाचकाची शक्ती खर्ची पडते आणि पुढे सगळ्या कथा सारख्याच वाटू लागतात. दोष वाचकाच्या स्मरणशक्तीचा नसतो. संकलनकार कथा उचलतो, पण ती सांगणारा, ऐकणारा आणि ती सांगण्याचा प्रसंग हे तिन्ही मागेच राहतात; त्यामुळे जी कथा मुळात कोणाच्या तरी उपयोगाची होती, ती नुसतीच एक विचित्र गोष्ट होऊन बसते. म्हणून या लेखात सुचवलेल्या सर्व पायऱ्या एकाच सवयीकडे नेणाऱ्या आहेत: कथेचा अर्थ काय, हे विचारण्याआधी ती कोणाचे कोणते काम करीत होती, हे विचारावे.

सुरुवातीला एक भेद लक्षात ठेवलेला बरा. ज्या समाजात ती सांगितली जाते तिथे खरी मानली जाणारी, जगाची आजची घडी बसण्यापूर्वीच्या काळात घडणारी आणि देव किंवा दिव्य पूर्वज ज्यात वावरतात अशी कथा म्हणजे पुराणकथा होय. ओळखीच्या काळातल्या, ओळखीच्या गावच्या माणसांविषयी सांगितली जाते ती दंतकथा, आणि ऐकणारे व सांगणारे दोघेही जिला करमणूक समजतात ती लोककथा. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ विल्यम बॅस्कम यांनी 1965 मध्ये ही त्रिविध विभागणी नीट मांडली. प्रत्यक्षात कथा या कुंपणांवरून सहज उड्या मारतात, पण नवख्या वाचकाला एवढी आखणी पुरते. ‘पुराणकथा’ म्हणजे खोटी गोष्ट, हा वृत्तपत्री अर्थ मात्र या वाचनापुरता बाजूला ठेवावा.

पहिली पायरी: एकच कथा घ्या आणि तिच्यामागे जा

बहुतेक मार्गदर्शक एक संस्कृती निवडायला सांगतात. माझा सल्ला थोडा वेगळा आहे. एक संस्कृती निवडली तरी तिचा पसारा मोठा असतो. त्याऐवजी अनेक ठिकाणी भेटणारी एकच कथा निवडावी आणि प्रत्येक ठिकाणी ती कोणत्या कामाला जुंपली आहे ते पाहावे. मराठी वाचकासाठी महापुराची कथा यासाठी उत्तम आहे, कारण मनू आणि मासा यांची गोष्ट त्याला आधीच ठाऊक असते. ठाऊक असते म्हणजे बहुधा मत्स्यावताराच्या रूपात ठाऊक असते, आणि नेमके तिथूनच शिकणे सुरू होते.

या कथेचा आपल्याकडील सर्वांत जुना उपलब्ध पाठ शतपथ ब्राह्मण या यज्ञविधींचे विवेचन करणाऱ्या वैदिक ग्रंथाच्या पहिल्या कांडात आहे. मनू सकाळी हात धूत असताना एक लहान मासा त्याच्या हातात येतो आणि म्हणतो, की माझे पोषण कर, मी तुला तारीन. लहान असेपर्यंत मासेच माशांना गिळतात, म्हणून आधी घागरीत, मग खड्ड्यात आणि मग समुद्रात नेऊन सोड, असे तो सांगतो. पूर येतो, मनू नाव बांधतो, माशाच्या शिंगाला दोर बांधतो आणि मासा त्याला उत्तरेच्या पर्वताकडे ओढून नेतो. या कथेत मासा कोण आहे हे कुठेही सांगितलेले नाही. तो विष्णू नाही, ब्रह्मदेवही नाही. महाभारताच्या वनपर्वात तो ब्रह्मदेव होतो आणि विष्णूचा अवतार म्हणून त्याची ओळख पुराणांत पक्की होते. पूर का आला, कोणाच्या पापाने आला, याविषयीही शतपथात अक्षर नाही.

मग कथेचा भर कशावर आहे? पूर ओसरल्यावर मनू एकटा उरतो. संततीच्या इच्छेने तो तूप, दही इत्यादींची आहुती पाण्यात देतो आणि वर्षाच्या आत त्या आहुतीतून एक स्त्री प्रकट होते. तिचे नाव इडा. तिच्या योगाने मनूची प्रजा निर्माण होते. आता ही कथा ग्रंथात कुठे आली आहे ते पाहावे: दर्शपूर्णमास, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या यज्ञातील ‘इडा’ नावाच्या हविर्भागाचे (आहुतीच्या वाट्याचे) विवेचन चालू असताना ती आली आहे. म्हणजे यज्ञ करणाऱ्याला, तू आता जो भाग हातात घेतो आहेस त्यातूनच मानवजात उभी राहिली, हे सांगण्यासाठी ती कथा तिथे आहे. महापूर ही त्या सांगण्याची प्रस्तावना आहे.

याच पद्धतीने आता मेसोपोटेमियाकडे, म्हणजे आजच्या इराककडे वळावे. आत्रहासिस नावाच्या अक्कदी काव्याच्या इ. स. पू. सतराव्या शतकातील मातीच्या पाट्या उपलब्ध आहेत. तिथे आरंभी माणूसच नाही. कालवे खणण्याचे काम कनिष्ठ देवांना करावे लागते. ते कंटाळतात, अवजारे जाळतात आणि वरिष्ठ देव एन्लिल याच्या दाराशी जमाव करतात. जगातील संपाचे हे बहुधा सर्वांत जुने साहित्यिक वर्णन असावे. तोड म्हणून एका देवाला मारून त्याचे रक्तमांस मातीत कालवले जाते आणि कष्ट उपसण्यासाठी माणूस घडवला जातो. पण माणसे वाढतात, त्यांचा गोंगाट इतका होतो की एन्लिलची झोप उडते. तो रोगराई पाठवतो, दुष्काळ पाठवतो आणि शेवटी सात दिवस आणि सात रात्रींचा पूर. माणसेच बुडाल्यावर देवांना नैवेद्य कोण देणार? ते उपाशी राहतात आणि वाचलेल्या आत्रहासिसने आहुती दिली तेव्हा माश्यांसारखे तिच्याभोवती गोळा होतात. या काव्याचा शेवट मात्र मन हलवणारा आहे: पुन्हा इतकी माणसे होऊ नयेत म्हणून काही स्त्रिया वांझ राहतील, काही पुजारिणी अपत्यहीन राहतील आणि एक राक्षसी आईच्या मांडीवरून बाळ हिरावून नेईल, अशी व्यवस्था देव लावून देतात. ज्या समाजात कितीतरी बाळे पहिले वर्षही पुरे करीत नसत, तिथे ही कथा कोणत्या प्रश्नाला तोंड देत होती हे वेगळे सांगायला नको.

तोच पूर मेसोपोटेमियातल्याच गिल्गमेश महाकाव्याच्या अकराव्या पाटीत पुन्हा येतो आणि त्याचे काम बदललेले असते. मित्राच्या मृत्यूने हादरलेला राजा गिल्गमेश अमरत्व मिळवलेल्या एकमेव माणसाकडे, उत्नपिश्तिमकडे पोहोचतो. उत्नपिश्तिम त्याला पुराची हकीकत सांगतो ती एवढ्यासाठीच, की आपल्याला मिळालेले अमरत्व एकदाच घडलेल्या घटनेचे फळ होते आणि तुझ्यासाठी देव पुन्हा सभा भरवणार नाहीत. लगेच तो त्याला सहा दिवस आणि सात रात्री न झोपता राहून दाखवायला सांगतो, आणि गिल्गमेश बसल्याजागी झोपी जातो. झोपेवरही विजय मिळवता येत नाही तो मृत्यूवर काय मिळवणार, हे बोलून दाखवण्याची कवीला गरज पडत नाही. या पाटीचे वाचन जॉर्ज स्मिथ यांनी 3 डिसेंबर 1872 रोजी लंडनमध्ये जाहीर केले, तेव्हा खळबळ उडाली ती बायबलमधील नोहाच्या कथेशी असलेल्या तिच्या साम्यामुळे. नोहाची कथाही इथेच वाचून घ्यावी. तिथे पुराला नैतिक कारण आहे, देव एकच आहे, आणि शेवटी पुन्हा असा पूर न पाठवण्याचा करार व त्याची खूण म्हणून इंद्रधनुष्य आहे.

ग्रीकांकडे आल्यावर काम आणखी वेगळे. ड्यूकेलिअन आणि पिरा हे जोडपे पेटीत बसून वाचते आणि मागे टाकलेल्या दगडांपासून माणसे उभी राहतात, हा भाग सर्वत्र उद्धृत होतो. पण ग्रीक वंशावळीकारांना त्याहून महत्त्वाचे होते ते पुढचे: ड्यूकेलिअनचा मुलगा हेलेन (हा पुरुष, ट्रॉयची हेलन वेगळी), त्याचे मुलगे डोरस, इओलस आणि झुथस, आणि झुथसचे मुलगे आयन व अकियस. डोरियन, इओलियन, आयोनियन, अकियन अशा एरवी आपसात भांडणाऱ्या शाखा एका आजोबांची लेकरे ठरतात त्या इथे. पूर म्हणजे त्या वंशवृक्षासाठी मोकळी करून घेतलेली जमीन होय.

पाचही पाठ वाचून झाल्यावर वाचकाच्या हाती एक गोष्ट येते, जी कोणत्याही संकलनाच्या प्रस्तावनेतून येत नाही: सांगाडा तोच असला तरी यज्ञातील हविर्भाग, बालमृत्यू, मर्त्यपण, देवाशी करार आणि जमातींचे नाते ही पाच निराळी कामे त्याने केली आहेत.

दुसरी पायरी: कथा कोणाच्या हातून आपल्यापर्यंत आली, ते तपासा

पुराणकथा तोंडी जगतात आणि आपण त्या कागदावर वाचतो. मध्ये जो लिहिणारा आहे त्याचा हेतू ओळखल्याशिवाय पुढे जाऊ नये.

याचे सर्वांत बोलके उदाहरण आइसलँडचे आहे. ओडिन, थोर, लोकी या नॉर्स, म्हणजे उत्तर युरोपातील जुन्या देवांविषयी आज जे सांगितले जाते त्याचा मोठा भाग स्नोरी स्टुर्लुसन या आइसलँडच्या सरदार-कवीने साधारण 1220 च्या सुमारास लिहिलेल्या एड्डा या ग्रंथातून येतो. आइसलँड ख्रिस्ती होऊन तेव्हा सुमारे दोन शतके लोटली होती. स्नोरी या देवांना भजत नव्हता; प्रस्तावनेत तो त्यांना ट्रॉयहून आलेली माणसे ठरवतो. मग त्याने या कथा का लिहिल्या? कारण जुन्या दरबारी काव्यात सोन्याला ‘सिफचे केस’ (सिफ म्हणजे थोरची पत्नी) म्हणायची रीत होती, आणि लोकीने सिफचे केस कापले व बुटक्यांनी तिला सोन्याचे केस करून दिले ही कथा माहीत नसेल तर तरुण कवीला ते काव्य कळणार नव्हते, रचताही येणार नव्हते. म्हणजे नॉर्स पुराणकथांचा आपला मुख्य आधार हे कवींसाठी लिहिलेले पाठ्यपुस्तक आहे. श्रद्धा गेल्यावरही कथा भाषेच्या गरजेपोटी टिकल्या, ही गोष्ट मला स्वतःला रॅग्नरोकच्या, म्हणजे देवांचा अंत करणाऱ्या, महायुद्धापेक्षाही अधिक विलक्षण वाटते.

ग्वाटेमालातील किचे माया लोकांच्या पोपोल वुहची कहाणी याच्या उलट आहे. स्पॅनिश आक्रमणानंतर, 1550 च्या दशकात, किचे सरदारघराण्यांतील लोकांनी रोमन लिपी शिकून घेऊन आपल्या भाषेत ती कथा लिहून ठेवली; आपण हे ख्रिस्ती राजवटीत लिहीत आहोत, असे ते आरंभीच सांगतात. आज हातात असलेली प्रत मात्र अठराव्या शतकाच्या आरंभी चिचिकास्तेनांगो येथे फ्रान्सिस्को हिमेनेस या धर्मगुरूने केलेली नक्कल आहे, जिच्या शेजारच्या रकान्यात त्याने स्पॅनिश भाषांतर दिले आहे. देवांनी माणूस आधी चिखलाचा केला, तो विरघळला. मग लाकडाचा केला, त्याला हृदय नव्हते. शेवटी मक्याच्या पिठाचा केला तेव्हा तो बोलू आणि स्मरण करू लागला, ही त्यातली कथा मका पिकवणाऱ्या लोकांची आहे. आणि ती लिहिली गेली ती, ते जग डोळ्यांदेखत मोडत असताना.

जपानचा कोजिकी हा ग्रंथ 712 मध्ये दरबाराच्या आज्ञेवरून पूर्ण झाला. निरनिराळ्या घराण्यांकडील वृत्तांतांत चुका शिरल्या आहेत, त्या दुरुस्त कराव्यात, अशी सम्राट तेम्मूची इच्छा होती, हे त्याच्या प्रस्तावनेतच लिहिलेले आहे. दुरुस्ती कोणाच्या बाजूने झाली असेल, याचा अंदाज सूर्यदेवता अमातेरासूपासून सम्राटापर्यंत येणाऱ्या वंशावळीवरून बांधता येतो.

तिसरी पायरी: कथा कधी आणि कुठे सांगितली जात असे, ते शोधा

अनेक कथांना सांगण्याची वेळ ठरलेली असते आणि ती वेळच कथेची किल्ली असते. बाबिलोनमध्ये नववर्षाच्या अकितू उत्सवात, चौथ्या दिवशी, एसागिला मंदिरात मुख्य पुजारी मर्दुकाच्या मूर्तीसमोर एनुमा एलिश हे सात पाट्यांचे काव्य म्हणत असे. मर्दुक तियामत या आद्य सागरदेवतेला मारतो, तिचे शरीर शिंपल्यासारखे दोन भागांत चिरून आकाश व पृथ्वी करतो आणि देव त्याला पन्नास नावे बहाल करतात. पाठ्यपुस्तके तिला सृष्ट्युत्पत्तीची कथा म्हणतात, पण सृष्टी त्यात थोडक्यात उरकते. काव्याचा विषय आहे मर्दुक देवांचा राजा कसा झाला, आणि पर्यायाने बाबिलोन नगरींची राणी का आहे. अॅसिरियन लोकांना हे इतके नीट कळले होते, की त्यांनी आपल्या प्रतींत मर्दुकाचे नाव काढून आपल्या अश्शूर देवाचे नाव घातले.

हे मराठी वाचकाला परके वाटू नये. श्रावणातल्या शुक्रवारची किंवा आदित्यराणूबाईची कहाणी व्रताच्या प्रसंगी, हातात अक्षता घेऊन ऐकायची असते. ‘उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये’ हे शब्द त्या प्रसंगातच जिवंत असतात. तीच कहाणी छापील पुस्तकात भर वैशाखात वाचली तर कथानक मिळते आणि व्रत निसटते. अमेरिकेतील नाव्हाहो लोक कोयोटीच्या कथा हिवाळ्यातच सांगतात. ऑस्ट्रेलियातील आदिवासी समूहांत काही कथा केवळ दीक्षा घेतलेल्या पुरुषांनी किंवा केवळ स्त्रियांनीच ऐकायच्या असतात, आणि पूर्वीच्या संशोधकांनी त्या बिनदिक्कत छापल्यामुळे त्या समूहांना आजही दुःख आहे. नवख्या वाचकाने अशा ठिकाणी समूहाने स्वतः प्रसिद्ध केलेल्या कथांपुरतेच थांबावे.

पश्चिम आफ्रिकेतील योरुबा लोकांची इफा पद्धत तर प्रसंगाशिवाय समजतच नाही. अडचणीत सापडलेला माणूस बाबालावोकडे, म्हणजे इफाच्या जाणकाराकडे जातो. तो ताडफळांच्या बिया हाताळून 256 चिन्हांपैकी एक चिन्ह काढतो आणि त्या चिन्हाखालची पाठ असलेली पदे म्हणतो. पदांत कोणी देव, प्राणी किंवा पूर्वीचा माणूस अशाच अडचणीत सापडलेला असतो, त्याला काय करायला सांगितले, त्याने ते केले की टाळले आणि पुढे काय झाले, हे सांगितलेले असते. आपली गोष्ट कोणत्या पदात बसते ते समोर बसलेला माणूस ओळखतो. इथे पुराणकथा सल्ला देण्याचे काम करते.

चौथी पायरी: हक्क सांगणारी कथा ओळखायला शिका

पुराणकथांच्या सर्व कामांत हे काम सर्वांत सर्रास आढळते आणि सर्वांत कमी लक्षात येते, म्हणून त्याला वेगळी पायरी दिली आहे. ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की हे पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअंड बेटांवर राहिले, तिथली भाषा शिकले आणि 1926 मध्ये त्यांनी मांडले, की तिथल्या लोकांसाठी उत्पत्तिकथा ही कुतूहल शमवणारी गोष्ट नसून सनद आहे. त्यांचे उदाहरण लहान आणि झणझणीत आहे. लाबाइ गावाजवळच्या एका विवरातून चार कुळांचे प्राणी एकामागून एक बाहेर आले. कुत्रा आला, त्याने नोकू नावाच्या हलक्या समजल्या जाणाऱ्या झाडाचे फळ हुंगले आणि खाल्ले. त्यावर डुक्कर म्हणाले, की तू नोकू खाल्लेस, घाण खाल्लीस, तू हलक्या कुळाचा. मुखिया मीच होणार. तेव्हापासून डुकराच्या मलासी कुळातील ताबालू शाखा मुखियांची मानली जाते. कथा संपली. जगाची उत्पत्ती, माणसाचा स्वभाव यांतले तिच्यात काही नाही. फक्त मानाच्या पाटावर कोणी बसायचे याचा निकाल आहे.

ही नजर आली की परशुरामाने सह्याद्रीवरून बाण मारून समुद्र मागे हटवला, ही कोकण-गोव्याची कथाही वेगळी दिसू लागते. समुद्राने सोडलेली जमीन आधी कोणाचीच नसते. ती ज्याने मिळवली त्यानेच वसाहत केली, तर त्या वसाहतीच्या हक्काला कोण आव्हान देणार? स्कंदपुराणाचा भाग मानल्या जाणाऱ्या सह्याद्रिखंडात परशुराम त्रिहोत्राहून (उत्तरेतील तिरहूतहून) ब्राह्मण आणून गोव्यात वसवतो. केरळात तोच परशुराम परशू फेकून जमीन मिळवतो आणि तिथल्या ब्राह्मणांना देतो. किनाऱ्यावरच्या निरनिराळ्या समाजांनी एकाच कथेवर आपापला सातबारा लिहून घेतला आहे. त्याच सह्याद्रिखंडात चित्पावनांच्या उत्पत्तीची जी कथा आहे ती मात्र त्यांना खाली दाखवणारी आहे. सनद देणारी कथा नाकारण्यासाठीही वापरता येते, हे त्यातून दिसते. अशी कथा समोर आली की एक साधा प्रश्न विचारावा: ही कथा मान्य केली तर कोणाला काय मिळते, आणि कोणाचे काय जाते?

जपानच्या बाबतीत तर या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकापर्यंत जिवंत होते. महायुद्धातील पराभवानंतर 1 जानेवारी 1946 रोजी सम्राट हिरोहितो यांनी प्रसिद्ध केलेल्या घोषणेत, सम्राट हा प्रकट देव आहे ही कल्पना भ्रामक असल्याचे म्हटले. बाराशे वर्षांपूर्वी नोंदवलेल्या कथेचे राजकीय काम अशा रीतीने सरकारी कागदावर आवरते घेतले गेले.

पाचवी पायरी: विधीचे कारण आणि भूमीची आठवण

काही कथा एखादी रीत अशी का, एवढेच सांगतात, आणि त्यात बऱ्याचदा विनोद असतो. ग्रीक लोक यज्ञात पशूची हाडे चरबीत गुंडाळून देवांसाठी जाळत आणि मांस स्वतः खात. देवांना हाडे आणि आपल्याला मांस, हे जरा अवघडच होते. हेसिअड कवी इ. स. पू. 700 च्या सुमारास त्याचे कारण देतो: प्रोमिथिअस या माणसांची बाजू घेणाऱ्या देवाने मेकोनी येथे दोन वाटे केले, एकात चांगले मांस ओंगळ पोटाच्या पिशवीत लपवले, दुसऱ्यात हाडे चकचकीत चरबीखाली मांडली, आणि देवांचा राजा झ्यूस याने दुसरा वाटा उचलला. रागावून त्याने माणसांकडून अग्नी काढून घेतला, प्रोमिथिअसने तो चोरून आणला, आणि शिक्षा म्हणून माणसांत दुःखे आणणारी पहिली स्त्री पँडोरा आली. म्हणजे पँडोराची सर्वपरिचित गोष्ट मटणाच्या वाटणीपासून सुरू होते. ती तशी वाचली नाही तर अर्धी राहते.

भूमीच्या आठवणी सांभाळणाऱ्या कथा थोड्या आहेत, पण थक्क करणाऱ्या आहेत. अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात क्रेटर लेक हे खोल सरोवर आहे. क्लॅमथ लोक सांगतात, की अधोलोकाचा स्वामी ल्लाओ आणि वरच्या जगाचा स्वामी स्केल यांच्या युद्धात पर्वत ल्लाओवर कोसळला आणि त्या खळग्यात पाणी भरले. भूगर्भशास्त्रानुसार माझामा पर्वत सुमारे 7,700 वर्षांपूर्वीच्या उद्रेकात खरोखरच आत कोसळला, आणि त्याच प्रदेशात त्या राखेच्या थराखाली माणसांची विणलेली पादत्राणे सापडली आहेत, म्हणजे तो उद्रेक पाहणारी माणसे तिथे होती. मात्र एवढ्यावरून प्रत्येक पुराणकथेत दडलेला इतिहास शोधण्याचा छंद लावून घेऊ नये. इथे राखेचा थर आहे, पादत्राणे आहेत, आणि त्याच भूमीवर सलग राहिलेले लोक आहेत. असे तिन्ही पुरावे नसताना केलेली विधाने बहुतेक वेळा अभिमानाच्या पोटी केलेली असतात.

सहावी पायरी: पाठभेदाला दोष समजू नका

‘खरी कथा कोणती?’ हा प्रश्न नवखा वाचक फार लवकर विचारतो. जुन्या लोकांना त्याची इतकी घाई नव्हती. जपानच्या निहोन शोकी या 720 मधील ग्रंथात मुख्य हकीकतीनंतर ‘एका ग्रंथात असे म्हटले आहे’ म्हणून एकाखाली एक पर्याय दिलेले आहेत. ऋग्वेदाच्या एकाच दहाव्या मंडलात पुरुषाच्या यज्ञातून, हिरण्यगर्भातून आणि ‘को अद्धा वेद’ (खरोखर कोण जाणतो?) या प्रश्नातून सृष्टीची तीन निराळी दर्शने शेजारी नांदतात. होमरच्या ओडिसी या ग्रीक महाकाव्याच्या अकराव्या सर्गात, नकळत बापाला मारून आईशी लग्न केल्याचे सत्य उघडकीला आल्यावरही ईडिपस थीब्झ नगरावर राज्य करीत राहतो. तो डोळे फोडून घेतो हे आपल्याला सोफोक्लीजच्या नाटकामुळे पक्के ठाऊक झाले आहे. दोन पाठ भेटले की त्यांतला फरक कुठे पडला आहे तेवढे टिपावे, कारण सांगणाऱ्याची गरज तिथेच बदललेली असते.

सातवी पायरी: सिद्धान्त शेवटी वाचा

सगळ्या कथांना एकच किल्ली लावणारे विद्वान प्रत्येक पिढीत झाले. संस्कृतचे अभ्यासक माक्स म्युलर यांना जिकडेतिकडे सूर्य दिसत असे. 1870 मध्ये आर. एफ. लिटलडेल यांनी त्यांच्याच पद्धतीने स्वतः माक्स म्युलर ही एक सूर्यकथा असल्याचे सिद्ध करून दाखवले, आणि तो विनोदी निबंध आजही वाचनीय आहे. नंतर मानववंशशास्त्रज्ञ फ्रेझर यांना मरून पुन्हा उठणारे धान्यदेव दिसले, मनोविश्लेषक फ्रॉइड यांना दडपलेली वासना, मानववंशशास्त्रज्ञ लेव्ही-स्ट्रॉस यांना विरोधी जोड्यांची रचना, आणि जोसेफ कॅम्पबेल यांना 1949 पासून सर्वत्र एकाच वीराचा प्रवास. प्रत्येकाच्या हाती काही खरे लागले आहे. तरी पंधरा-वीस कथा त्यांच्या प्रसंगासह वाचून होण्यापूर्वी यांपैकी कोणाच्या आहारी जाऊ नये, विशेषतः कॅम्पबेल यांच्या, कारण त्यांचा आराखडा पटकथालेखनाच्या वर्गांतून इतका पसरला आहे, की तो कथेतून निघाला की कथेवर लादला, हे कळेनासे होते. आमच्या भागात काम करणाऱ्यांपैकी दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा मार्ग मला अधिक उपयोगी वाटतो: पुण्याच्या आसपासच्या वाटा पायी तुडवून, शेंदूर फासलेली आईची ठाणी जुन्या व्यापारी मार्गांच्या तिठ्यांवर का आहेत, असे प्रश्न ते कथेला आणि जमिनीला एकदमच विचारत.

वहीत काय लिहावे आणि पुढे काय वाचावे

प्रत्येक कथेसाठी वहीचे एक पान ठेवावे. डाव्या बाजूला कथानक पाच-सहा ओळींत लिहावे, त्याहून जास्त नको. उजव्या बाजूला कोणी लिहिली, केव्हा लिहिली, कुठल्या प्रसंगी सांगितली जाई, ती मानल्याने कोणाचा लाभ होई आणि कोणता प्रश्न ती मिटवते, हे लिहावे. उत्तर मिळाले नाही तर जागा कोरी ठेवावी आणि अंदाजाने भरू नये. देवांच्या नावांच्या याद्या पाठ करण्याची गरज नाही, ती नावे कामासह आपोआप लक्षात राहतात. संदर्भासाठी मराठी विश्वकोशाच्या नोंदी हाताशी असाव्यात, आणि सुमेरी साहित्याची ऑक्सफर्ड विद्यापीठाने केलेली भाषांतरे इंटरनेटवर विनामूल्य आहेत, ती संक्षिप्त पुनर्कथनांपेक्षा केव्हाही बरी.

महापुराचे पाच पाठ झाले की हेसिअडची थिऑगोनी, म्हणजे देवांच्या जन्मांची कथा, घ्यावी. ती हजारएक ओळींचीच आहे. त्यानंतर पोपोल वुह सलग वाचावे, त्यातील जुळ्या भावांनी पाताळाच्या स्वामींना चेंडूच्या खेळात फसवल्याचा भाग तर रात्र जागवतो. स्नोरी आणि कोजिकी यांचा क्रम आवडीप्रमाणे ठरवावा. इजिप्त मात्र मागे ठेवावे. ओसायरिस आणि आयसिस यांची नावे कितीही ओळखीची असली, तरी पिरॅमिडांच्या भिंतींवरच्या मंत्रांत त्यांच्या कथेचे केवळ उल्लेख येतात, कारण ऐकणाऱ्यांना ती ठाऊकच होती. ती सलग सांगितली आहे ती प्लूटार्क या ग्रीक लेखकाने, त्या मंत्रांनंतर दोन हजारांहून अधिक वर्षांनी. ते तुकडे जुळवायला बसण्यापूर्वी वहीची निदान वीस पाने भरलेली असावीत.